बत्तीस अक्षरांची ओळ

किकिंडा, ४ ऑक्टोबर २०२३

प्रिय ओलिवेरा,

मिलेवा आत्याकडून तुझा पत्ता घेतला. सहजासहजी मिळाला नाही. "एवढी वर्षं कुठं होतास रे? आता काय काम काढलंस?" असं तिने तोंडावर विचारलं. मी म्हटलं, काम कसलं, बहीण आहे माझी. त्यावर ती हसली आणि ते हसणं मला फारसं आवडलं नाही. पण पत्ता लिहून दिला. वर हेही सांगितलं, की तू तिकडे बर्गनमध्ये शहराची बस चालवतेस. मला हे माहीत नव्हतं. आईच्या दफनाला आली होतीस तेव्हा दोन दिवसांत आपण एकूण तीन वाक्यं बोललो, त्यातलं एक 'मीठ दे' असं होतं. त्याला चौदा वर्षं झाली.

मी बरा आहे. शाळेत पोरांना संगणक शिकवतो. गुडघा दुखतो. चौकातल्या झाडांवर घुबडं यायला लागलीत, म्हणजे यंदा थंडी लवकर पडणार. अंगणात मिरच्या भाजून, वाटून यंदाची आयवारची चटणी केली, पण आईच्या हातची चव काही येत नाही.

काम आहेच, उगाच का लपवू. आपला संगणकावरचा खेळ, 'टपालवाली', आठवतो ना? नोवी सादला जुन्या संगणकांचं वेड लागलेल्यांचं एक मंडळ आहे. पन्नाशी उलटलेले बाप्ये, काही बायाही. जुनी यंत्रं उघडतात, गंजलेले भाग बदलतात, पिवळी पडलेली झाकणं उन्हात ठेवून पांढरी करतात. त्यांचा म्होरक्या चेडोमिर. त्यांना 'टपालवाली' पुन्हा काढायची आहे, खऱ्या कॅसेटवर, छापील लेबलासकट. २५ नोव्हेंबरला मोठा मेळावा आहे, तिथे मला मंचावर बोलायला बोलावलंय.

अडचण एवढीच, की मूळ कॅसेट माझ्याकडे नाही. श्याऐंशी साली मी तिच्यावर नाचाची गाणी भरली. एका मुलीसाठी. मुलगीही राहिली नाही आणि कॅसेटही.

तेव्हा तू मला मदत केली होतीस, त्यासाठी एक चौकटीची वही वापरली होतीस, निळ्या पुठ्ठ्याची. ती तुझ्याकडे आहे का? असेल तर पानांचे फोटो काढून पाठवलेस तरी चालेल. खास असं काही नाही, आठवण म्हणून हवी होती.

तुझा भाऊ,
तिहोमिर


किकिंडा, १६ ऑक्टोबर २०२३

प्रिय ओलिवेरा,

उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागतो, हे टपाल वाटणाऱ्या आईच्या पोराला कोणी सांगायला नको. तरी रोज पेटीत हात घालतो.

इकडे एक गंमत झाली. मंडळाने आवाहन केलं होतं, की पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात शनिवारच्या रेडिओ कार्यक्रमात 'टपालवाली' वाजली तेव्हा ती कोणी भरून घेतली असेल तर कळवा. त्या दिवशी निवेदक म्हणाला, "कॅसेट तयार ठेवा," आणि पुढची चार मिनिटं खेळाचे सगळे आकडे आवाज होऊन निघाले, अख्ख्या देशाने ती किंचाळी ऐकली; तीच भरून घेऊन संगणकाला ऐकवली की खेळ सुरू व्हायचा. तुला आठवतं, शेजारच्या आजोबांनी रेडिओ बिघडला म्हणून त्याला थोपटलं होतं! तर व्हर्शात्सचा एक दातांचा डॉक्टर निघाला, झिवको. त्याच्याकडे ती कॅसेट अजून आहे.

पण तेव्हा त्याच्याकडे रेडिओला जोडायची तार नव्हती. त्याने टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवून हवेतनंच भरून घेतलं. किंचाळी मस्त चाललीय, आणि मध्येच त्याची आई स्वयंपाकघरातनं हाक मारते, "झिवको! सूप गार होतंय!" सूप गार होतंय हे लांबनं आलंय, त्याखालचे आकडे मंडळाच्या लोकांनी निवडून काढले. पण पहिली 'झिवको' ही हाक म्हणजे तोफ. तिच्याखाली त्र्याऐंशी आकडे गाडले गेले. बरोबर उडीच्या जागी, जिथे टपालवाली कुंपणावरून उडी मारते आणि कुत्रा खाली राहतो.

झिवकोची आई वारली. तिच्या आवाजाचं दुसरं काहीच त्याच्यापाशी नाही. तो म्हणाला, "मास्तर, खेळ दुरुस्त करा, पण ती हाक पुसू नका हं." मी म्हटलं, पुसणार नाही.

आता खरं सांगतो. चेडोमिरने सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "त्र्याऐंशी आकडे म्हणजे लेखकाला काय, एका दुपारचं काम." मी हसलो. चार दुपारी बसलो, गेल्या आठवड्यात शाळेतनं रजाही काढली. मला बेसिक भाषा येते, पोरांना शिकवण्याइतकी. पण तू जे लिहायचीस ते बेसिक नव्हतं, ते संगणकाच्या पोटातले आकडे होते आणि ते मला तेव्हाही येत नव्हते. माझ्या हातची टपालवाली उडी मारते आणि खाली येतच नाही. घरावरनं जाते, धुराड्यावरनं जाते, पडद्याच्या बाहेर. मंडळात दाखवली तर सगळे पोट धरून हसले. "तिहोमिर, आईला स्वर्गात पाठवलीस की रे!" एकजण म्हणाला. मी म्हटलं, गंज चढलाय हाताला.

पहिल्या पत्रात वही आठवण म्हणून हवी असं लिहिलं, ते खोटं होतं. मला वही हवी आहे कारण मला जमत नाही. भोकाच्या आधीचे चाळीस आणि नंतरचे चाळीस आकडे छापून सोबत जोडलेत. खेळ आपण दोघांनी केला होता, तेव्हा तुलाही वाटत असेल की तो पुरा व्हावा.

तिहोमिर


किकिंडा, ११ नोव्हेंबर २०२३

सेको,

पुष्कळ वर्षांनी लिहितोय ही ताईची हाक. लहानपणी आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी मारायचो. आता तुला आवडणार नसेल तर कळव, पुढे ओलिवेरा लिहीन.

काल तुझं पाकीट आलं. आत पत्र नाही, बसच्या वेळापत्रकाची तीन पानं आणि मागे तुझ्या अक्षरात त्र्याऐंशी आकडे. सातचा आकडा अजून तसाच मधे रेघ देऊन काढतेस. खाली एक ओळ: "वही तेव्हाच चुलीत घातली. पुन्हा मांडले आहेत. सत्तावन्नावा आकडा पूर्वी चुकला होता, ती कुंपणाच्या टोकाला अडखळायची. आता अडखळणार नाही."

बस एवढंच. नमस्कार नाही, चौकशी नाही, अटही नाही.

मी आकडे भरले. टपालवालीने उडी मारली, खाली आली, टोपी सावरली आणि पुढच्या घरी गेली. अडखळली नाही. मला आजवर वाटायचं, ते अडखळणं मुद्दाम घातलेलं आहे. एका मुलाखतीत मी त्याचं कौतुकही केलंय.

सेको, ती वही चुलीत कधी घातलीस, हे मला ठाऊक आहे. रेडिओवर निवेदक म्हणाला, "किकिंडाच्या सोळा वर्षांच्या तिहोमिर एर्देल्यानने लिहिलेला." गल्ली घरात लोटली. बाबांनी राकियाची बाटली काढली. म्युनिकहून ट्रकच्या सीटखाली, पावाच्या पिशवीत जकात चुकवायला त्यांनीच लपवून आणलेलं ते संगणकाचं यंत्र असं नाव काढेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. ते जो येईल त्याला सांगत होते, "माझा पोरगा!" तू पेले भरत होतीस. रिकामे पेले घेऊन आत जाताना तू मला स्वयंपाकघरात बोलावलंस आणि विचारलंस, "माझं नाव कुठंय?" मी म्हणालो, "पडद्यावरच्या ओळीत मावत नव्हतं गं. बत्तीसच अक्षरं मावतात एका ओळीत." तू नुसती मान हलवलीस. मला वाटलं, पटलं.

काल मी मोजलं. आपल्या दोघांची नावं, मध्ये 'आणि', पुढे आडनाव. पडद्यावरच्या रोमन लिपीत, मधल्या मोकळ्या जागा धरून, सव्वीस अक्षरं होतात. सहा जागा उरतात. तू आकड्यांची पोरगी, तू ते त्याच क्षणी मोजलं असणार, पेले हातात असतानाच.

पुढचं तर तुला मी सांगायची गरजच नाही. बाबांकडे एकालाच बेलग्रेडला शिकायला पाठवायची ऐपत होती. त्या शनिवारपर्यंत कोणाला पाठवायचं हे ठरलं नव्हतं, आई तर तुझ्याच बाजूची होती. रेडिओनंतर ठरवायला काही उरलंच नाही. तू कौलांच्या कारखान्यात गेलीस, भट्टीतनं निघालेली कौलं मोजायला. मी बेलग्रेडहून दर रविवारी घरी फोन करायचो आणि तू फोनवर यायची नाहीस. मी आईला म्हणायचो, फार दमते का ती?

यातलं मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आठ तारखेला मित्रोवदान झाला, आपल्या घराच्या संताचा दिवस. गहू शिजवले, पाव कापला, पाहुणे आले आणि एकाने विचारलं, "मास्तर, कॅसेट कधी निघतेय?" मी म्हटलं, लवकरच. लेबलं छापून आलीत, माझ्या नावाची. आता तर आकडेही आले. तू काही मागितलेलं नाहीस. मी गप्प बसलो तर जन्मात कोणाला कळणार नाही, आणि मला एकट्याला कळत राहील. खरं सांगू, काल दिवसभर मी याच विचाराने खूश होतो, की सुटलो एकदाचा. मग लाज वाटली. तरीही अजून भीती वाटतेच. या गावात मला 'टपालवालीवाला मास्तर' म्हणतात. ते गेलं की माझ्यापाशी दुखरा गुडघा उरतो.

मेळाव्याला चौदा दिवस आहेत. काय करणार, हे तुला आत्ता लिहीत नाही. लिहिलं आणि केलं नाही, तर तेही एक खोटं होईल.

तिका


किकिंडा, २७ नोव्हेंबर २०२३

सेको,

परवा मंचावर गेलो. शंभरेक माणसं होती. समोर टेबलांवर रबरी बटणांची काळी यंत्रं मांडलेली, जुने जाडे टीव्ही, तारांचं जंजाळ. चेडोमिरने ओळख करून दिली, फार गोड. मी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि जे पाठ करून आलो होतो ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "हा खेळ मी लिहिलेला नाही. माझी मोठी बहीण ओलिवेरा हिने लिहिला. वीस वर्षांची होती. यंत्र माझं म्हणून घरात आलं होतं, त्यामुळे तिला बसायला मिळायचं नाही, तिने सगळा वहीत लिहिला. मी ते आकडे बटणांवर दाबले आणि पहिल्या पडद्यावर माझं नाव टाकलं. तिचं मावत नाही म्हणून सांगितलं. मावत होतं."

मग चेडोमिर उठला. लालबुंद झाला होता. म्हणाला, "अरे माणसा, लेबलं छापून झालीत!" सगळे हसले, मीही हसलो, रडूही आलं. तो पुढे म्हणाला, "म्हणजे अडतीस वर्षं आम्ही भलत्याच माणसाला राकिया पाजली?" मी म्हटलं, हो. "मग आज तुझ्या पैशाने पाजायची," म्हणाला. पण नंतर जेवणात तो माझ्या शेजारी बसला नाही. दोघातिघांनी हात मिळवला नाही. एक जुना मित्र म्हणाला, "बहिणीच्या ताटातलं जेवलास की तू." त्याचं बरोबर होतं.

दुपारी बायांनी टेबलं जोडली, कोरे कागद कापले आणि सगळ्या कॅसेटवर नवी लेबलं हाताने चिकटवली. झिवको डॉक्टरने सत्तर एकट्याने चिकटवली, दात बसवावा तशी नीट. खेळाच्या पहिल्या पडद्यावर आता तुझं एकटीचं नाव आहे. सोळा अक्षरं, मधोमध, दोन्ही बाजूंना आठ-आठ जागा मोकळ्या. माझं काढलं. ते काढायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने हातातलं भांडं घासून पालथं घातलं. मग म्हणाली, "आणि तिने आकडे पाठवले? तरीसुद्धा?" मी म्हटलं, तरीसुद्धा. ती म्हणाली, "मग तू तिच्या पाया पडायला हवंस." गुडघा दुखतो म्हणून टाळणार नाही एवढं सांगतो.

आणखी एक राहिलं. मंचावरून उतरायच्या आधी तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. तिला शेवटच्या गल्लीतल्या निळ्या फाटकाबद्दल विचारायचं होतं. तिथे टपालवाली थांबते. पत्र द्यायचं नसतं, कुत्रा नसतो, तरी ती तीन क्षण उभी राहते आणि मग पुढे जाते. बाई म्हणाली, "माझा नवरा म्हणतो ही चूक आहे. मी म्हणते नाही. ती का थांबते?" हा प्रश्न मला सारखा विचारतात. माझ्याकडे तयार उत्तरं आहेत. एका मासिकाला सांगितलं होतं, ती दमलेली असते. दुसरीकडे सांगितलं, आपली आई एका म्हातारीच्या दाराशी रोज थांबायची, त्याची आठवण. ते ऐकून निवेदिकेचे डोळे भरून आले होते. अशी कोणी म्हातारी नव्हती. परवा मी म्हणालो, "मला माहीत नाही. बहिणीला विचारून सांगतो."

तर विचारतोय. ती का थांबते?

तिका


बर्गन, १२ डिसेंबर २०२३

तिका,

सेको म्हटलेलं चालेल.

तुझं पहिलं पत्र मी वाचून टोपलीत टाकलं होतं. "तेव्हा तू मला मदत केली होतीस." त्या शब्दासाठी टाकलं. दुसरं टाकलं नाही कारण त्यात आकडे होते आणि उडीच्या जागी भोक होतं. भोक पाहून मला राहवेना. शेवटच्या थांब्यावर बस बारा मिनिटं उभी असते, तिथे बसून मांडले. चार दिवस लागले. तुझ्यासाठी मांडले असं समजू नकोस. ती तुझ्या हातून आकाशात गेली हे वाचून मला झोप लागेना.

तिसरं पत्र आलं तेव्हा मी लगेच उत्तर द्यायला बसले होते आणि फार वाईट लिहिलं होतं. ते पाठवलं नाही. तू काय करतोस ते बघावं असं ठरवलं. चौथं कामावर जायच्या आधी दारातच उभी राहून वाचलं, आणि त्या दिवशी पहिली बस तीन मिनिटं उशिरा सुटली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

सव्वीस अक्षरं होतात हे मी तेव्हाच मोजलं होतं, तुझं बरोबर आहे. पेले हातात होते हेही बरोबर. आईनेही मोजलं होतं. मला रात्रीच्या जेवणानंतर म्हणाली, "लहान आहे तो, जाऊ दे." मी जाऊ दिलं. मला तुझ्याइतकाच तिचाही राग आहे आणि ती गेल्यावर त्या रागाचं काय करायचं ते कळत नाही. तुला सांगून टाकलं.

माझं नाव एकटंच ठेवलंस, तसंच राहू दे. तुझं परत घालू नकोस. कुत्र्याचं चित्र तू काढलं होतंस आणि ते चांगलं होतं, तरीही. बेलग्रेडचं मात्र लेबल चिकटवून मिटणार नाही. मी काही दुःखात नाही. बस चालवायला मला आवडतं, घर आहे, माणसं आहेत. पण मी तिथे शिकले असते तर काय झालं असतं हे मला कधीच कळणार नाही, आणि ते तू केलंस. ते तसंच राहणार. त्याच्यासकट लिहायचं असेल तर लिही.

आता निळं फाटक. त्याच्यापुढे नवी गल्ली सुरू होते. सहा घरं, दोन झाडं, एक विहीर. ती सगळी रंगवायला संगणकाला वेळ लागायचा. मी महिनाभर डोकं फोडलं, जलद करता आलं नाही. खेळ तेवढ्यापुरता बंद पडल्यासारखा दिसायचा. म्हणून मी तिला फाटकाशी उभं केलं, म्हणजे लोकांना वाटावं की ती आपण होऊन थांबली आहे. एवढंच आहे. म्हातारी नाही, दमणूक नाही. त्या बाईला सांग, तिचा नवराही चुकला आणि तीही. आणि तिला माझा नमस्कार सांग.

हे तू मला पंच्याऐंशी साली विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं. तुझं नाव तिथे असतानाही सांगितलं असतं. मला फार वाटायचं की कोणीतरी विचारावं, ते किती अवघड होतं आणि मी ते कसं लपवलं. मला त्याचा अभिमान होता.

जानेवारीत माझी सकाळची पाळी आहे. ये. विमानतळावर घ्यायला मला जमणार नाही, पण बाहेर आलास की डाव्या हाताच्या थांब्यावर दहा वाजून चाळीसची बस मी घेऊन येते. पुढच्या सीटवर बस. चालकाशी बोलू नये अशी तिथे पाटी आहे. तू बोललास तरी चालेल.

ओलिवेरा